क्रमांक १४ ची शिसव

जबाब, दि. १८/०१/२०१९

मी, शितल बाबल्या वरठा, वय २२ वर्षे, शिक्षण बारावी, काम – ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही लिहिणे, रा. चिंचपाडा, ता. तलासरी, जि. पालघर, वनखात्याच्या कार्यालयात समक्ष हजर राहून सांगते की,

मी वडिलांसह वरील पत्त्यावर राहते. गावातील झाडांची नोंद मी ऑगस्टपासून घेत आहे. आमच्या पाड्यात शिसवीची मोठी झाडे दोनच उरली होती. ओढ्याचा काठ त्यांच्या मुळांनी धरलेला आहे. नवी रोपे त्यांच्याच शेंगांपासून होतात. जवळपास दुसरे बी नाही. नोंदवहीत त्यांचे क्रमांक १४ व १५. घेर, खुणा आणि जाण्याची वाट मी लिहिली.

झाडे वडिलांनी दाखवली. तेव्हा ते म्हणाले, "झाड चालत नेऊन दाखवायचा, पोरी. सांगायचा नाय." मी म्हणाले, "मग वहीत काय तुमचे पाय चिकटवू?" ते हसले. मी लिहिले.

दि. ०८/०१/२०१९ रोजी दुपारी दोनच्या सुमारास मी ग्रामपंचायत कार्यालयात एकटी असताना दोन अनोळखी इसम आले. औषधी झाडांची यादी करतो, असे म्हणाले. मी ओळखपत्र मागितले नाही. त्यांतील चष्मेवाला म्हणाला, "ताई, काय अक्षर आहे तुमचं! छापल्यासारखं." त्याने मोबाइलवर वहीतील शिसवीच्या नोंदीच्या पानाचा फोटो काढला. वही मी सरळ धरली होती. हे मला कोणी विचारलेले नाही, तरी लिहून घ्यावे.

काल सकाळी सातला वडील ओढ्यावर गेले असता क्रमांक १४ चे झाड बुंध्यापासून कापलेले दिसले. खोड नेले होते, फांद्या तिथेच होत्या. शेंगा हिरव्या होत्या, बी पिकलेले नव्हते. वडिलांनी घरी येऊन मला चालत नेऊन दाखवले.

दोन्ही झाडांची नोंद एकाच पानावर आहे. क्रमांक १५ चे झाड आज सकाळी मी निघेपर्यंत उभे होते.

ते नेमके कुठे आहे, असे मला विचारण्यात आले. ते मी या कागदावर सांगत नाही. आपला माणूस आता माझ्यासोबत द्यावा, मी चालत नेऊन दाखवते. वडील पहाटेपासून तिथे एकटे बसले आहेत.

माझा हा जबाब मला वाचून दाखवला. नंतर मी स्वतः दोनदा वाचला. मी सांगितले तेवढेच त्यात आहे व ते बरोबर आहे.