देवीदासाच्या पोवाड्यातला फितूर

सुभद्रा : नाव काढून टाका, बुवा. मी पाया पडाले नाही आली. सांगाले आली.

चंद्रभान : बाई, आधी बसा तरी. देवीदासाची बायको कनातीमागं शाहिराशी भांडते आहे, असं बाहेर कोणी पाहिलं तर काय म्हणतील? पोवाडा आगीत गेलेल्या तुमच्याच नवऱ्याचा आहे.

सुभद्रा : अन् फितूर माह्या भावाले केलं. मागच्या बाजारी अकोल्याले गायले तुमी. खुशालरावानं मेव्हन्याच्या कापसाच्या बैलबंडीत ठिनगी टाकली म्हने! तवापासून अकोल्यात त्याचा कापूस कोनी उतरवून घेत नाही. त्याच्या पोरीची सोयरीक मोडली.

चंद्रभान : मला वाटलं, अकोल्यात त्याला कोण ओळखतं. चुकलं असेल माझं.

गयासुद्दीन : उस्ताद, अमरावतीत तर सारेच वळखतात. मी कनातीच्या फटीतून पाहून राहिलो ना. पुरा कापूसबाजार बसला हाय. शेठ लोक गादीवर, अन् त्याईच्या बाजूले, अगदी आपल्या समोर, खुशालराव. अंगावर घोंगडं. इतक्या उनात घोंगडं कोन घेते?

सुभद्रा : त्याच्यात कुऱ्हाड हाय.

गयासुद्दीन : लो! अन् डफ वाजवाले पुढं कोन उभा राह्यते? मी.

चंद्रभान : कुऱ्हाड? कोणासाठी?

सुभद्रा : तुमी नाव घेतलं का तो उठते. म्हने, न केलेल्या पापाचं तोंड घेऊन फिरन्यापेक्षा एक करतो, अन् फासावर जातो. मी समजावून थकली. म्हून इकडं आली.

चंद्रभान : बाई, मी त्याचं वाईट चिंतलं नाही. पण पोवाड्याला फितूर लागतो. आयुष्यभर पोथ्याच वाचल्या मी, दुसरं काही येत नाही मला. वीर कितीही मोठा असो, समोर कोणी कपटी नसला तर तो मोठा दिसतच नाही. लढाई असती तर गनीम असता. ही पडली आग. आगीला ना नाव, ना तोंड. लोकांनी दात खायचे कोणावर?

सुभद्रा : म्हून माह्या भावावर?

चंद्रभान : दोघांचं भांडण होतं, असं लोक सांगत होते.

सुभद्रा : बैलाच्या सौद्यावरून होतं. साळे-मेव्हने भांडनार नाहीत तर काय फुगडी खेळतील?

गयासुद्दीन : अन् खरं सांगू का, बाई? ते नाव डफावर मस्त बसते. खु-शाल-राव! पहिले उस्तादानं दुसरं नाव घालून पाह्यलं होतं. मजा नाही आली. मंग मीच म्हनलो, हे ठेवा.

चंद्रभान : गयासुद्दीन, गप्प बस.

सुभद्रा : कावून गप्प? बोलू द्या त्याले. एका मानसाचं घर बुडवलं, अन् कायसाठी? तर डफावर बरं वाजते म्हून!

चंद्रभान : काढतो मी नाव. खरंच काढतो. "कोणी एक वैरी" एवढंच म्हणतो.

सुभद्रा : त्यानं काय होते? नाव तर फैललं. तुमी वैरी म्हनान, अन् सारे मान वळवून खुशालकडंच पाह्यतील.

चंद्रभान : मग काय करू? वैरीही काढला तर आग लागली कशी? हे बाजारातले लोक आहेत, बाई. इथंच, याच मैदानात पेटली होती बंडी. कापूस काही आपोआप पेटत नाही.

सुभद्रा : नाही पेटत.

गयासुद्दीन : बाई?

सुभद्रा : मी होती तिथं.

चंद्रभान : माझ्या पोवाड्यात तर तुम्ही घरी होता. तुम्हाला वाईट स्वप्न पडतं, हातातून कुंकवाचा करंडा निसटतो...

सुभद्रा : कोनता करंडा? मी बंडीवर होती. कापसावर बसून भाकर खाऊन राहिली होती. देवीदासानं चिलीम पेटवली. मी म्हनलं, अजी, खाली उतरून वढा. तर म्हने, आजचा भाव ऐकला का तू? विलायतवाले आपल्या कापसासाठी येडे झाले. आज राजावानी वर बसून वढतो.

चंद्रभान : म्हणजे आग...

सुभद्रा : त्याच्याच चिलमीची. हातानं इझवाले गेला तर वारा आला.

गयासुद्दीन : या अल्ला.

चंद्रभान : बाई, हे तुम्ही आज सांगता? शेठ लोकांनी त्याच्या नावानं ओटा बांधला. तुमच्या सासूबाई, पार्बताबाई, रोज तिथं दिवा लावतात. आत्ता बाहेर पुढंच बसल्या आहेत.

सुभद्रा : मले मालूम हाय कोन बसलं हाय. म्हातारीसाठीच तर तोंड शिवलं होतं. लोकाईनं मेलेल्याले देव केलं. मी म्हनलं, करू द्या, कोनाचं काय जाते? आता माह्या भावाचं जाऊन राहिलं.

गयासुद्दीन : उस्ताद, लोक बोंबलून राहिले. शेठचा दिवानजी हात करून राहिला. खुशालराव उठून उभा झाला... नाही, बसला. पाय आखडला असंल.

चंद्रभान : थोडा वेळ डफ वाजवत राहा. काहीही वाजव.

गयासुद्दीन : इथूनच वाजवतो. बाहेर नाही जात.

(कनातीमागून डफ वाजू लागतो. बाहेरचा गलका थोडा कमी होतो.)

चंद्रभान : बाई, स्वतःच्या चिलमीनं मेलेल्या माणसाला मी वीर कसा म्हणू? माझ्या पोथ्यांत असा कोणी नाही. निदान मला तरी सापडला नाही.

सुभद्रा : पोथीतलं मले नाही समजत. मी पाह्यलं ते सांगतो. सारे पळून राहिले होते. तोही पळाला असता तर कोनी बोट दाखवलं असतं? माग बंडीले बंडी लागून होती. थकलेली मानसं बंड्याखाली झोपली होती. त्यानं मले खाली लोटलं, अन् माग पाह्यलं. पेटली बंडी तशीच बाजाराबाहेर हानली. भेला होता, बुवा. कासरा दोनदा हातातून सुटला त्याच्या.

चंद्रभान : मी त्याला हसत हसत आगीत घातला आहे.

सुभद्रा : हसाले येडा होता का?

गयासुद्दीन : सच बोलू, उस्ताद? तो हसनारा मले कदी खराच नाही वाटला. मी माग सुरात सूर मिळवून झील धरत होतो, पन मनातून कोरडा.

चंद्रभान : आधी नाही बोललास.

गयासुद्दीन : तुमी इचारलं कदी?

चंद्रभान : पुढं काय झालं, बाई? बंडी बाजाराबाहेरच्या नाल्यापाशी आली तेव्हा?

सुभद्रा : उडी टाकाले जागा होती. नाही टाकली. बैलाच्या मानेवरचं जू काढत बसला. बैल सुटले, अन् बंडी त्याच्या अंगावर आली. मी पोचली तवा तो बोलून राहिला होता.

चंद्रभान : काय म्हणाला? मी तिथं जयजयकार घातला आहे.

सुभद्रा : म्हने, कोनाले सांगू नको, माह्याच चिलमीनं झालं. लाज वाटून राहिली होती त्याले. मी त्याचं ऐकलं. आजपावतर ऐकलं.

गयासुद्दीन : उस्ताद, डफ वाजवून वाजवून हात दुखला. जाचं का नाही?

चंद्रभान : मला हे जमेल की नाही, देव जाणे. जुळवलेलं एक अक्षर नाही. फितूर आला की लोक मुठी आवळतात. इथं कोणाविरुद्ध आवळतील? शेठही कदाचित उठून जातील.

सुभद्रा : जाऊ द्या त्याईले.

गयासुद्दीन : फक्त चिलीम लवकर आना, उस्ताद. पहिल्याच कडव्यात. नाही तर तुमी लाजत लाजत याल, अन् तोवर कुऱ्हाड येऊन जाईल.

चंद्रभान : आणि चिलमीपाशी तू झील धरू नकोस. डफही थांबव. मी साधं बोलूनच सांगतो. बाई, एकदा म्हटलं की मागं घेता येणार नाही. तो नको म्हणाला होता. म्हणू ना?

सुभद्रा : म्हना. त्याले लाज वाटली हेही म्हना.

गयासुद्दीन : बाई, एक मेहरबानी करा. तुमी जाऊन भावापाशी बसा. त्याचा हात धरून ठेवा. आमचे जीव त्याच्यावर हायेत.

सुभद्रा : भावाले कोनी धराची गरज नाही. चिलीम ऐकली का तो त्याच घोंगड्यात तोंड घालून रडंल. मी सासूपाशी बसतो. तिले अजून काहीच मालूम नाही.