न अडणारी गाडी

आपल्या गाडीच्या सर्व्हिसिंगसाठी शोरूमच्या सोफ्यावर खोळंबलेल्या निवृत्त मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण कान शेजारच्या नवरा-बायकोकडे होते.

“वीस वर्षं रानोमाळ भटकून बावीस जातींचे साप-सरडे शोधले मी. आता तरी धड गाडी नको?”

“जुनीला काय धाड भरलीय?”

“दर फेरीला बंद पडते, आणखी काय!”

“आपल्याला घोरपड कधी दिसली हो?”

“इंजिन तापलं तेव्हा.”

“आणि हरणटोळ?”

“पंक्चर झालं तेव्हा.”

“अजगर?”

“क्लचची वायर तुटली त्या दिवशी. पण त्याचा इथे काय संबंध?”

तेवढ्यात विक्रेता पुढे सरसावला.

“सर, ही बघा. चारही चाकांना ताकद. चिखल असो, दगडधोंडे असोत, कुठ्ठे म्हणून अडणार नाही. लिहून देतो!”

“ऐकलंस?”

“ऐकलं. नको आम्हाला.”

“का हो, मॅडम?”

“अहो, हे बॉनेटमध्ये डोकं घालून बसल्याशिवाय मला रानात काही सापडतच नाही.”