सत्तावीस मतं आन् चौतीस बादल्या

...आन् हे आता सातव्या घरचं बेसन! नाही, तुमाले सांगतो, बेसनावर माझा राग नाही, चांगलं कांदा टाकून, वरून तेल सुटलेलं... पण आपल्यात बेसन-भाकर बांधून लोक कोणाच्या घरी नेतात? जिथी माणूस गेला, चूल पेटली नाही, तिथी! कडू घास म्हणून! माझ्या घरी गेलं कोण? कोणीच नाही जी! मी फक्त पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, इलेक्शनमंदी हारलो! पण लोक येऊन राहिले, चपला बाहेर काढून राहिले, सतरंजीवर चुपचाप बसून भितीवरच्या माझ्या फोटोकडे पाहून राहिले. प्रचाराचा फोटो, हात जोडलेला, वरून झेंडूची माळ! शेवटी माझ्या सुनंनं, समीक्षानं, स्टूल घेऊन तो उतरवला. "पापाजी, अच्छा नहीं लगता," म्हणे.

हारलो त्याचं काही नाही जी. छत्तीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लँटात काढले, कोक ओव्हनच्या आगीपुढं उभा राहिलो, ही काय मोठी आग? पण एकतीस? एकतीस मतं? काउंटिंगवाला साहेब म्हणते, "फकिरा बोरकर, निर्दलीय, इकतीस," आन् चहाचा घोट घेतला. मान वर नाही केली त्यानं. नोटाले छप्पन! म्हणजे आपल्याले कोणीच नको असं म्हणणारे माझ्याहून जास्त निघाले. त्यातही एकतीसमधले चार घरचे... मी, बायको नलू, पोरगा शुभम, सून समीक्षा. राहिले सत्तावीस. ते कोण, भगवानाले माहीत.

आता म्हणान, एवढा मराठी समाज असून झालं कसं? तेच तर सांगून राहिलो! झालं असं का हेमराज आला. हेमराज म्हणजे चरोद्याचा, रेल्वेत मालगाडीचा गार्ड, आपल्या गणपती मंडळाचा सेक्रेटरी. माणूस सोन्यासारखा, पण उत्साह असा का समोरच्याले विचार करू देत नाही. "फकिराभाऊ, तुमी उभे राहा! दोनशे बारा घरं आहेत आपले! घरामागं चार मतं धरा!" आन् खिशातून यादी काढली. कोणती यादी? गणपतीच्या महाप्रसादाच्या नेवत्याची, आवतणाची! मंडळात मीटिंग झाली, सर्वायनं हात वर केले, वसुंधराताईनं तर दोन्ही हात वर केले. मले भरून आलं हो. रिटायर झाल्यावर कोण विचारते माणसाले?

मग काय, वीस दिवस मी स्कूटरवर. लग्नाच्या पत्रिकेवर लावतो तसं पर्च्यावर हळदीकुंकू लावलं, सुपारी ठेवली, आन् घरोघर! चरोदा झालं, भिलाई-तीन झालं, मरोदा झालं. कुठी पोहे, कुठी चिवडा, कुठी "बसा ना जी, जेवूनच जा." वीस दिवसांत चार किलो वजन वाढलं माझं! प्रचारात लोकायचे गाल बसतात, माझी प्यांट बसेना! घरी नलू म्हणे, "अहो, आपल्या गल्लीत कधी जाता?" मी म्हणलं, "गल्लीत कोण आहे आपलं? एक छत्तीसगढी, एक तेलुगू, एक उडिया... आपले लोक पयले."

हारलो त्याचं काही नाही जी, पण आपले लोक! दोनशे बारा घरं, आन् त्यातलं एकही, एकही घर आमच्या वार्डात नाही! चरोद्याची तर महापालिकाच वेगळी! आन् हे कोणाच्या ध्यानात नाही आलं. मरोदावाल्याले वाटे, वार्डातले म्हणजे चरोदावाले असतीन. चरोदावाल्याले वाटे, मरोदावाले. आन् मले? मले तर चिवड्यापुढं काहीच दिसत नव्हतं! आता हेमराज सतरंजीवर बसून डोळे पुसते, "भाऊ, आमचं पूरं चरोदा तुमच्या संगं होतं!" म्हणलं, होतं ना, पण मशीन इथी होती! तो आणखीनच रडला. मग मीच त्याले पाणी देल्लं, मीच पाठीवर हात फिरवला. हारलो मी, आन् समजूत मी घालून राहिलो!

तीन दिवस घराबाहेर पाय नाही ठेवला. दूधवाला आला का मी आतल्या खोलीत. तिसऱ्या दिवशी बेसन खाता खाता नलूले म्हणलं, "घर विकून टाकू. तुमसरकडे जाऊ, आपल्या गावी. चाळीस वर्षं राहिलो इथी, आन् जिथी राहिलो तिथी आपलं कोणी नाही." नलू उठून भांडे घासाले बसली. ती अशी भांडे घासते तेव्हा मले लय भेव वाटते. खरं सांगतो, त्या दिवशी तो घास खरंच कडू होता.

चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजता गेट वाजलं. कसं वाजलं? धडाधड, बादलीनं! समोरच्या घरची तुळसाबाई. पक्की छत्तीसगढी, आवाज असा का प्लँटचा भोंगा लाजन. "कका! ए कका! नल म चिखला कस पानी आवत हे!" पाहतो तर बादलीत पाणी नाही, चहा! म्हणलं, बाई, मी हारलो. जिंकला त्याच्याकडे जा. "वो तो तिरुपति गे हे, फोन घलो नइ उठावय." जिंकलेला तिरुपतीले गेला, फोनबी उचलत नाही, म्हणे. मग मी काय करू? मी कोण? तर कमरेवर हात ठेवून म्हणते, "तैं कोन? तोला वोट दे हन हमन!"

मले काही सुधरेना. म्हणलं, तुमी? मले मत देल्लं? मी तर तुमच्या दारी मागालेही नाही आलो! तर ती अशी पाहते जसा मीच येडा... "घर के मनखे ल मांगे बर लागथे का?" घरच्या माणसाले मागा लागते का, म्हणे! आन् मांगं गल्ली उभी, हरेकाच्या हातात बादली. तेलुगू मास्तर, उडिया वहिनी, कोपऱ्यावरचा सायकलवाला... यायच्याच पोरीच्या लग्नात मी पंगतीत वाढलतो, यायच्याच म्हातारीले शुभमनं रक्त देल्लतं, आन् मी वीस दिवस चरोद्यात चिवडा खाऊन राहिलतो! लाज वाटली जी. हारल्याची नाही वाटली तेवढी.

पण मोजायची सवय लागलीच ना. मोजले. "आमी तुमालेच देल्लं" म्हणणारे किती? चौतीस! मतं सत्तावीस, माणसं चौतीस! म्हणजे सात जण माझ्या तोंडावर खोटं बोलून राहिलते... पण बादल्या सर्वायच्या खऱ्या होत्या. म्हणलं, असू दे. अर्ज लिहाले बसलो. चौतीस सह्या घेतल्या. नलूनं दारातून विचारलं, "तुमसरचं कधी?" म्हणलं, पाणी साफ येऊ दे, मग पाहू. ती हसली, चार दिवसांनी.

चप्पल घालतो तर फोन. हेमराज! "भाऊ, आमच्या गल्लीतली नाली तुंबली, जरा पाहा ना!" अरे, तुमची महापालिका वेगळी आहे, बावा! "ते माहीत आहे जी, पण आपल्याच माणसाले सांगाव ना!" काय करता? तेबी लिहून घेतलं, नेवत्याच्याच यादीच्या मांगं. आता एका हातात अर्ज, एका हातात चहाच्या रंगाच्या पाण्याची बादली, मांगं तुळसाबाई, उन्हात महापालिकेच्या ऑफिसले पायी चाललो. हारलो त्याचं काही नाही जी...

पण जिंकलो असतो, तर आज मीबी तिरुपतीले असतो!