व्याह्याची शेवटची इनिंग

आमचा जर्मनीतला व्याही आज फार आठवतोय. सूनबाईचा बाप, जातीचा इंग्रज. तरुणपणी इंग्लंडमधल्या एका काउंटीचा कॅप्टन होता, ओपनिंगला यायचा. म्हातारपणी बायकोच्या गावी, ऱ्युसेल्सहाइमला येऊन राहिला.

तिथं रविवारी आपली मराठी इंजिनियर पोरं क्रिकेट खेळतात. मी लेकाकडे गेलो होतो त्या रविवारी खेळ होता आणि दुसऱ्या दिवशी व्याह्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणजे ही त्याची शेवटची इनिंग. पोरांनी त्याला ओपनिंगला धाडलं आणि मला अंपायर केलं. काय हात होता हो! जोर म्हणून नाही, नुसता चेंडूला वाट दाखवायचा.

जरा रंगात आला आणि चेंडू बॅटची कड घेऊन कीपरच्या हातात. सगळे ओरडले. माझा लेक दुसऱ्या टोकाचा बॅट्समन, म्हणून माझ्याशेजारीच उभा. हळूच म्हणाला, "बाबा, व्याही आहेत."

"मला अक्कल शिकवू नकोस," म्हटलं, आणि दिला नॉट आउट.

व्याही तोवर बॅट काखेत मारून लंगडत चालू पडला होता; नॉट आउट ऐकून वळून रागानं पाहिलं आणि तसाच गेला. संध्याकाळपर्यंत बोलेना. लेकाला म्हटलं, "विचार, काय बिघडलं?"

लेक विचारून आला. "ते म्हणतात, कॅप्टन असताना सगळ्यांना शिकवलं, कड लागली की अंपायरकडे बघायचं नाही, चालायचं. आज शेवटच्या दिवशी तुम्ही मला आउट असून क्रीजवर उभं ठेवत होता."

आपल्याकडे व्याही मान दिला नाही म्हणून रुसतो. हा एकच पाहिला, मान दिला म्हणून रुसलेला.