चार तास कॉफीशिवाय

डौवे : सांग काय ते. डायलिसिसच्या मशीनला जोडलेला माणूस आहे मी, पळून जाणार नाही.

रेन्स्के : तुला द्यायला माझी किडनी चालणार नाही म्हणाले.

डौवे : कोण म्हणालं?

रेन्स्के : तपासणीच्या खोलीतली बाई. ब्लडप्रेशर भलतंच वाढलंय, पोटॅशियम पार खाली गेलंय. डॉक्टर पोस्तमा येतायत बोलायला. मीच म्हटलं, जे काय असेल ते माझ्या भावासमोर सांगा.

डौवे : गेल्या उन्हाळ्यात तर ठणठणीत होतीस की!

रेन्स्के : तेव्हा होते. आता घोटे बघ, बूट चढत नाहीत. जिना चढताना पायात जीव राहत नाही. तुला बोलले नाही इतकंच. डौवे, तुझंही असंच सुरू झालं होतं ना रे? आधी पाय सुजले, मग...

डौवे : अगं, पाय सुजले म्हणजे लगेच किडनी गेली असं असतं का?

रेन्स्के : दोघा भावंडांच्या मिळून चार किडन्या. त्यातली एकही धड नसावी? शब्द दिला होता तुला मी.

डौवे : शब्द राहू दे बाजूला. तू आजारी पडू नकोस म्हणजे झालं. मला काय, इथे येऊन बसायची सवय झालीय.

रेन्स्के : खोटं बोलू नकोस.

डौवे : बरं, नाही झाली. नाक पूस, डॉक्टर आल्या.

डॉ. पोस्तमा : माझ्याआधीच रडणं उरकून घेतलंत? बसा. रेन्स्के, तुमचा रिपोर्ट बघून मी चक्रावलेय. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं, की एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडांना सांगतं, मीठ जाऊ देऊ नका. मीठ राहिलं की पाणीही राहतं, रक्ताचं आकारमान वाढतं, प्रेशर चढतं. आणि त्या बदल्यात पोटॅशियम बाहेर जातं. तुमचं अगदी तसंच झालंय.

रेन्स्के : म्हणजे ते संप्रेरक जास्त झालंय?

डॉ. पोस्तमा : तेच तर कोडं आहे. ते जवळजवळ नाहीच! हुकूम कुणी दिलेला नाही, तरी तुमची मूत्रपिंडं इमानेइतबारे मीठ धरून बसलीयत.

डौवे : आमच्या पंपघरात एकदा झालं होतं असं. कुरणांतलं पाणी उपसायचो ना आम्ही, तर पातळी दाखवणाऱ्या काट्यात शेवाळ अडकलं. काटा म्हणतोय पाणी कमी आहे, म्हणून आम्ही पंप बंद ठेवले. तिकडे गाई गुडघाभर पाण्यात! पंपाचा काडीचा दोष नव्हता.

डॉ. पोस्तमा : मीही शेवाळच शोधतेय. काही औषधं घेता?

रेन्स्के : डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही मी.

डॉ. पोस्तमा : खाण्यात काही?

रेन्स्के : ब्रेड, चीज, बटाटे. जन्मभर तेच.

डौवे : आणि ड्रॉपच्या गोळ्या.

रेन्स्के : तू गप्प बस.

डौवे : डॉक्टर, हिला जीभ बाहेर काढायला सांगा.

डॉ. पोस्तमा : काढा बघू. अरे देवा! काळीकुट्ट! किती खाता?

रेन्स्के : अहो, आपल्याकडे ड्रॉप कोण खात नाही? खाते एखाददुसरी.

डौवे : पर्स उघड.

(रेन्स्के पर्समधून ड्रॉपच्या काळ्या, खारट गोळ्यांची मोठी पिशवी काढते. थोड्या वेळाने दुसरी.)

डॉ. पोस्तमा : या आठवडाभराच्या?

रेन्स्के : ही इथली. ती परत जाताना गाडीत लागते.

डॉ. पोस्तमा : रेन्स्के! यात ज्येष्ठमध असतो. कधीमधी चार गोळ्या खाल्ल्या तर ठीक, पण रोज एवढा पोटात गेला की मूत्रपिंडं फसतात. हुकूम आला असं समजून मीठ धरून ठेवतात.

रेन्स्के : म्हणजे... माझ्या किडन्या गेलेल्या नाहीत?

डॉ. पोस्तमा : रिपोर्टवरून तरी चांगल्या दिसतायत. तुम्हीच त्यांना थापा मारत होतात. ड्रॉप आजपासून बंद. पोटॅशियम भरून काढू, आणि काही आठवड्यांनी सगळं पुन्हा तपासू.

रेन्स्के : मग देता येईल मला? याला?

डॉ. पोस्तमा : प्रेशर उतरू दे. उतरेल असं मला वाटतंय. तुमचं नाव मी खोडलेलं नाही.

रेन्स्के : डौवे, ऐकलंस? ऐकलंस ना?

डौवे : ऐकलं. तो हात दाबू नकोस, त्यात सुया आहेत. हा धर. आणि आता रड हवं तेवढं.

डॉ. पोस्तमा : एक मात्र कळेना. अचानक एवढं ड्रॉप कशापायी?

रेन्स्के : याच्यापायी.

डौवे : मी काय केलं?

रेन्स्के : याला दिवसाला मोजून-मापून पाणी. त्यातच सूप, त्यातच चहा. हा सुकलेल्या ओठांनी पडलेला, आणि मी शेजारी चार तास बसून कॉफी ढोसू? घोट घशाखाली उतरेना. मग तोंडात काहीतरी हवं, म्हणून गोळी चघळायची, याला कळू न देता. हळूहळू चटकच लागली.

डौवे : कळू न देता! गाय रवंथ करते तशी चघळत होतीस. वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. मोजमापात न धरलेलं तेवढंच पाणी.

रेन्स्के : मग बोलला का नाहीस?

डौवे : इथे बसून बसून तूही कंटाळायचीस. म्हटलं, खाऊ दे.

डॉ. पोस्तमा : मी निघते. पिशव्या इकडे द्या. दोन्ही.

रेन्स्के : आता चार तास मी करू काय?

डौवे : सिस्टर आफ्के! माझ्या बहिणीला कॉफी द्या. मोठा मग भरून.

रेन्स्के : वेडा आहेस का? तुझ्यासमोर?

डौवे : माझ्यासमोर. मला बघायचंय.

रेन्स्के : नको हो आफ्के, खरंच... अगंबाई, काठोकाठ भरलात की!

डौवे : पी. कशी आहे?

रेन्स्के : गरम आहे. पाणचट. दवाखान्यातली.

डौवे : तरी सगळी पी. तुझ्या त्या किडनीला सवय असू दे. माझ्याकडे आली की रोज एवढी कॉफी गाळायचीय तिला.