बाबाच्या वस्तऱ्याची नवी मूठ

वस्तऱ्याची मूठ बदलणं म्हंजे काय मोठं काम हाये, असं मलेही वाटलं होतं भाऊ. आठवलं का अजूनही अंगावर काटा येते.

वस्तरा आमच्या आजोबाच्या वेळचा. पातं झकास, पण शिंगाची मूठ पार तडकलेली. बाबाले दुसऱ्या कशानं दाढी जमत नाही, म्हणून बीबी गावात विळ्याच्या मुठी बसवणाऱ्या माझ्या चुलतभावाले, गजाले तो दिला. म्हटलं, "शिंगाचीच बसव, पयल्यासारखी."

गजा स्वतः घेऊन आला. काम एक नंबर! दोन्हीकून काळ्याभोर पट्ट्या, पितळी खिळे असे ठोकलेले का पातं ना ढिल्लं, ना घट्ट.

बाबा गालाले साबण लावून बसले. वस्तरा उघडला आन थांबले. पट्टीच्या टोकाले जरासा लाल रंग घासायचा राहून गेला होता. पोळ्याले शिंगाले लावतो, तो हिंगूळ.

"गजा, हे शिंग कोनाचं?"

"घरचंच हाये, काका," गजा खुशीत म्हणे. "आपल्या पाखऱ्या बैलाचं. बांधावर पुरला तवा खड्डा मीच तं खंदला होता. जागा बराबर ध्यानात होती."

पाखऱ्या गेला तवा बाबाच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

बाबानं वस्तरा मिटून ठेवला आन गालावरचा साबण पुसला.

"अबे, जिंदगीभर जुंपलाच होता. मेल्यावर तरी त्याले सोडाचं होतं ना!"