रोज स्टार्ट होणारी गाडी

हसू नका, आधी ऐका. ह्यांची बदली नागपूरला झाली आणि मागं राहिलेली गाडी पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाळाला मांडीवर घेऊन मी तीन ट्रेलरवाल्यांना फोन केले. पहिला अठरा हजार म्हणाला, दुसरा सोळा. तिसरा म्हणाला, "गाडी स्टार्ट होत असंल तर बारा. बंद असंल तर चार हजार जादा."

"रोज होते की!" मी सांगितलं. खोटं नव्हतंच ते.

तळेगाव ढमढेऱ्यात ट्रेलर आला. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, चावी द्या."

"तुम्ही दुसरा गेअर टाकून बसा," म्हणत मी सासऱ्यांना हाक मारली, "आबा, चला ओ!" आबा आणि गल्लीतली पाच माणसं रोजच्यासारखी गाडीला मागनं धक्का द्यायला लागली. दहा पावलांत गाडी धडधडली.

ड्रायव्हर म्हणाला, "ही तर बंद गाडी हाय. चार हजार वाढतील."

ह्यांनी मोजून बारा पाठवले होते.

आबा म्हणाले, "चालू हाय तवर चढव की!"

त्यानं चढवली, आणि वरनं ओरडला, "आन् नागपुरात उतरवायला माणसं कुठनं आणू?"

मी म्हटलं, "दादा, उतारावर कुणी ढकलतं व्हय?"

बाराच घेतले त्यानं.